हार्लनची शिंगं

शिंग लेथवर चढलं की आमच्या घराला दातांच्या दवाखान्याचा वास येतो. जळके केस आणि ओलं हाड मिळून जे काही होतं, ते. लाकडाचा भुसा मला चालतो, पण लाकडाची पेनं घेतं कोण? आमच्या उत्तर विस्कॉन्सिनात माणसाला आपण मारलेल्या हरणाचं काहीतरी खिशात लागतं. माझा नवरा डेल्बर्ट पेपर मिलमधून रिटायर झाला, तेव्हा आठवडाभर खिडकीत बसून त्याने माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मग मीच त्याला एक जुना लेथ घेऊन दिला. तेव्हापासून तो गॅरेजमध्ये आणि मी सुखात. चर्चच्या जत्रेत त्याच्या पेनांपुढे गर्दी होते आणि माझ्या लोणच्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही.

ऑक्टोबरात लव्हॉन आली. लव्हॉन म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचा नवरा हार्लन, डेल्बर्टचा मोठा भाऊ, उन्हाळ्यात झोपेतच गेला होता. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते लहान मूल उचलावं तसं उचलून आणलं आणि आमच्या टेबलावर सोडवलं. हार्लनची शिंगं होती, त्या दहा फाट्यांच्या नराची. फळीवर ठोकलेली, मधे तपकिरी चामडं, चामड्याला कडेने बारीक पितळी खिळे.

"नातवंडं मागे लागलीत," ती म्हणाली. "आजोबांच्या शिंगांची पेनं हवीत म्हणे, चौघांना चार. शिकारीच्या हंगामाच्या आदल्या दिवशी रानातल्या खोपटावर जेवण असतं ना, तेव्हा देईन म्हणते."

"ही शिंगं कापायची?" डेल्बर्टने विचारलं. त्याच्या आवाजात दुःख होतं का दुसरं काही, ते मी सांगणार नाही.

"भिंतीवर राहून आता कुणाला दाखवायची आहेत? करशील ना?"

"करतो की."

"वरचे वरचे फाटे घे आणि बाकीचं चुलीत घाल. ते चामडं उचकटत बसू नकोस. आत नुसती धूळ आहे." एवढं बोलून ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, त्याच्यात नवऱ्याचा चेहरा शोधत असेल. दोघा भावांचं नाक एकच होतं.

त्या शिंगांची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे. तरी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या नोव्हेंबरात डेल्बर्टने अंधुक उजेडात एका मोठ्या नरावर गोळी झाडली. नर कोसळला, उठला आणि सीडरच्या दलदलीत शिरला. बर्फावर रक्त होतं. जखमी हरणाच्या मागावर शेवटपर्यंत जायचं, हा आमच्याकडचा पहिला धडा. दोघे भाऊ गेले, खोपटातले सगळे शिकारी गेले. मग बर्फ पडायला लागलं आणि माग बुजला. आमच्याकडे नेम चुकला तर लोक हसतात. जनावर जखमी करून हरवलं तर कुणी हसत नाही, तोंडावर कुणी काही बोलतही नाही, आणि तेच वाईट.

डेल्बर्टने ते मनाला फार लावून घेतलं. त्या हिवाळ्यात तो जेवेना, बोलेना. ताटातलं मांस बाजूला सारायचा. कामावरून आला की दलदलीच्या बाजूच्या खिडकीत उभा राहायचा. एकदा मी गोठ्यात गेले तर हा बंदूक मांडीवर घेऊन नुसता बसलेला. मी त्याला काही विचारलं नाही. घरी येऊन सगळी काडतुसं पिठाच्या डब्यात लपवली आणि तशीच चालत हार्लनच्या घरी जाऊन रडले. "तुझा भाऊ हातचा जाईल," म्हटलं. "काहीतरी कर."

हार्लन म्हणाला, "बघतो."

आणि उन्हाळा लागल्यावर एका दुपारी तो ही फळी काखेत मारून आमच्या अंगणात उतरला. "हे बघ, गड्या, तुझा नर!" त्याचा आवाज असा की शेजारची कुत्री उठली. "डिसेंबरातच पाडला, बाणाने. परवाना संपला होता म्हणून तोंड मिटून बसलो. तुझी गोळी कुठे लागली होती सांगू? ढुंगणाला! नुसतं खरचटलं होतं, लेका. अंगावर दोन बोटं चरबी होती. तू इथे सुतकात बसलायस आणि तो तिकडे मजेत मका खात होता!"

डेल्बर्ट लालबुंद झाला. मग जो ओरडला, जो ओरडला! चोरटा म्हणाला, दुसऱ्याच्या शिकारीवर डल्ला मारणारा म्हणाला, आणखी जे म्हणाला ते मी लिहीत नाही. हार्लन हसत फळी घेऊन निघून गेला. त्या दिवशी माझा नवरा दोनदा वाढून घेऊन जेवला. शरदात पिठाच्या डब्यातून काडतुसं त्यानेच काढली आणि म्हणाला, "यंदा दाखवतो त्याला."

तेव्हापासून दरवर्षी हंगामाच्या आदल्या दिवशी, खोपटावरच्या जेवणात, हार्लन भिंतीवरच्या शिंगांकडे ग्लास उचलून म्हणायचा, "डेल्बर्टने गुदगुल्या केल्या, मी आडवा केला!" सगळे हसायचे. हळूहळू डेल्बर्टचं नावच पडलं. किराणा दुकानात, चर्चच्या पायरीवर, कुणीही विचारायचं, "काय गुदगुल्या, यंदा काय बेत?" तो वरवर हसायचा आणि घरी येऊन दारं आपटायचा. चाळीस वर्षं. ते आवाज मीच ऐकत होते, म्हणून मला ठाऊक.

तर अशी ती शिंगं. डेल्बर्टने दुसऱ्याच दिवशी ती गॅरेजमध्ये नेली. थोड्या वेळाने हाक आली, "बर्नी! अगं बर्नडिन! हातातलं टाक आणि ये!"

मला वाटलं, बोट कापलं. गेले तर हा गॅरेजच्या मधोमध उभा, एका हातात चामडं आणि दुसऱ्या हातात एक शिंग. फळीवर लाकडाचा एक ठोकळा होता आणि शिंगं त्याला स्क्रूने बसवलेली होती. डेल्बर्टने शिंगाचं बूड माझ्या नाकासमोर धरलं.

मारलेल्या हरणाची शिंगं कवटीच्या हाडासकट कापून काढतात. त्यांच्या बुडाशी हाड असतंच, करवतीची खूण असते. हिवाळा संपताना शिंग आपोआप गळतं, त्याचं बूड वेगळं असतं. गोलसर, फुगीर, खरखरीत. आमच्याकडचं शाळकरी पोरही हे ओळखतं. आणि हे बूड गोल होतं. दोन्ही बुडं गोल होती.

"उचललेली!" डेल्बर्ट म्हणाला. "जंगलात पडलेली उचलून आणली! बाण नाही, चरबी नाही, काही नाही. चाळीस वर्षं, बर्नी! चाळीस वर्षं ह्या माणसाने मला..." आणि तो हसायला लागला. इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं.

आणि मला, देवाशपथ सांगते, मलाही हसू आलं.

मग मी भानावर आले. "चुलीत घाल ते," मी म्हटलं. "लव्हॉनने सांगितलंय. गेलेल्या माणसाची झाकली मूठ राहू दे."

"घालतो की. पेनं झाली की घालतो."

पेनं त्याने मनापासून केली, हे मान्य करायला हवं. शिंग वाकडं असतं, त्याच्यातला सरळ तुकडा हुडकावा लागतो. तो कापायचा, मधोमध भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची, मग लेथवर चढवून पटाशी लावायची. शिंगाचं पोट स्पंजासारखं असतं. जास्त खोल गेलं की ती भोकं वर येतात, तिथे पातळ गोंद पाजत पाजत जावं लागतं. डेल्बर्ट तोंडाला फडकं बांधून, पांढऱ्या भुकटीत न्हाऊन, शीळ घालत काम करत होता. शीळ बऱ्याच वर्षांनी ऐकली. पॉलिशपेपर फिरून झाल्यावर पेनं अशी दिसायला लागली की बोट फिरवावंसं वाटे. साईच्या रंगाची, मधे बारीक करडी रेघ. एकेकावर एकेका नातवाचं नाव.

जेवणाच्या आदल्या सकाळी मी कॉफी घेऊन गेले तेव्हा ते दुसरं दिसलं. अक्रोडाच्या फळीवर त्याने दोन्ही बुडखे बसवले होते आणि मधे पेनं ठेवायला चार खाचा केल्या होत्या. बुडख्यांची गोल बाजू समोर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल अशी. वर तेल लावून चमकवलेली.

"हे काय?"

"स्टँड."

"उलटं बसवलंयस."

"सुलटंच आहे," तो म्हणाला आणि फडक्याने पुसत राहिला.

चूल हातभर अंतरावर पेटलेली होती. उचलून आत टाकायला मला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "कॉफी गार होतेय," आणि घरात आले. कारण मलाही ते टेबलावर मांडलेलं बघायचं होतं. दारं आपटलेली मी ऐकली होती, मला वाटलं माझाही हिशेब चुकता होईल. हे लिहिताना माझे कान तापलेत, पण तेव्हा तापले नव्हते.

खोपटावरच्या जेवणाला फक्त त्या एका संध्याकाळी आम्हा बायकांना बोलावतात, म्हणजे आम्ही स्वयंपाक करतो. ओव्हनमध्ये भाजलेलं, बटाट्याचं चीज घातलेलं कॅसरोल, हरणाचं सॉसेज, व्हिनेगरमधली अंडी, आणि पुरुषांसाठी ब्रँडी. नारिंगी जाकिटं खुंट्यांवर होती. टेबलाच्या टोकाला हार्लनची खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर त्याची टोपी ठेवली होती. त्याचा थोरला नातू कोडी दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबांच्या मचाणावर बसणार होता. पंचविशीचा धिप्पाड पोरगा, पण त्या टोपीकडे बघून सारखं नाक पुसत होता.

लव्हॉन उठली आणि म्हणाली, "डेलकाकाने तुमच्यासाठी काहीतरी केलंय." डेल्बर्टला त्या घरात लहानथोर सगळे डेलकाकाच म्हणतात.

डेल्बर्टने खोक्यातून स्टँड काढून टेबलावर ठेवलं, गोल बाजू पोरांकडे करून. आणि हाताची घडी घालून बसला.

आधी पोरं पेनांवर तुटून पडली. "माझं नाव बघ!" "किती गुळगुळीत गं!" मग रे कोवाल्केचं बोलणं थांबलं. रे म्हणजे खोपटातला सगळ्यात म्हातारा शिकारी. त्याचं बघून शेजारचा थांबला. एक एक करत सगळं टेबल गप्प झालं. शेवटी कोडीने स्टँड उचललं, दिव्याजवळ नेलं आणि बुडख्यावरून अंगठा फिरवला.

"डेलकाका," तो म्हणाला, "हे गळलेलं शिंग आहे."

"असं?"

"दुसरंही. ही आजोबांची नाहीत. तू चुकून दुसरीच घेतलीस का?"

"तुझ्या आजीने दिली तीच आहेत, राजा. मला काय विचारतोस? मी नुसता लेथ चालवतो."

हे तो गोड आवाजात बोलला. माझा नवरा मला त्या क्षणी जेवढा कुरूप दिसला तेवढा कधी दिसला नव्हता, आणि तरी कुणीतरी हसेल म्हणून मी स्वतःच वाट बघत होते.

सगळे लव्हॉनकडे वळले. ती कॅसरोलचं भांडं धरून उभी होती. तिने डेल्बर्टकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "विकत आणली होती. त्याने तो नर मारला नव्हता. खोटं बोलला तो." आणि रेला विचारलं, "बटाटे वाढू?"

"वाढ," रे म्हणाला. "गार होतंय सगळं. खा रे पोरांनो."

कुणी हसलं नाही. गुदगुल्यांचा सूड घ्यायला बसलेला माझा नवरा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता आणि कुणीच त्याच्या नजरेला नजर देत नव्हतं. धाकटी नात रडत बाहेर गेली. कोडीने आपलं पेन परत खाचेत ठेवलं. मग उठून खुर्चीवरची टोपी उचलली आणि खुंटीवर, सगळ्यांच्या जाकिटांमागे टांगली. "उद्या मी मचाणावर नाही बसत," तो म्हणाला. "कुणाला बसायचं असेल तर बसा."

जेवण कसंबसं संपलं. मी आणि लव्हॉन मोरीत भांडी घासत होतो. मी गप्प बसायला हवं होतं. पण अपराधी माणसाला आधी दुसऱ्याचा अपराध शोधावा लागतो, तसं माझं झालं.

"डेल्बर्टचं चुकलं," मी म्हटलं. "पण चाळीस वर्षं तुम्ही दोघांनी त्याला सगळ्या गावात नाचवलंत, लव्हॉन. तुला ठाऊक होतं आणि तू हसत होतीस."

तिने पाण्यातून हात काढले, पुसले. दार लोटून घेतलं.

"तू आमच्या घरी येऊन रडली होतीस, आठवतं? काहीतरी कर म्हणालीस."

"मग?"

"बर्फ वितळल्यावर हार्लन रोज दलदलीत जायला लागला. मीही जायचे. आम्हाला तो नर मेलेला सापडला, बर्नी. पाण्याकाठी. गोळी जबड्याला लागली होती. जबडा लोंबत होता. खाता येत नसणार गं त्याला. फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. एकाच जागी झोपून झोपून गवताचं पार भुसकट झालं होतं."

माझ्या हातातली ताटली मी खाली ठेवली.

"हार्लन म्हणाला, हे डेलला कळलं तर तो त्या बंदुकीचं काय करेल ते मला ठाऊक आहे. त्याने ते सगळं तिथेच पुरलं. शिंगं घेता आली असती, पण ती उंदरांनी कुरतडली होती, एका अंगाने पांढरी पडली होती. रानात पडून राहिलेली कुणीही ओळखली असती. मग लांबच्या गावात एक शिंगं जमवणारा होता, त्याच्याकडून तसलीच दोन आणली. डेलने तो नर नीट पाहिला तरी कुठे होता?"

"पण मग इतकं चिडवायचं कशाला?" मी विचारलं.

"कीव केली असती तर डेलने लगेच ओळखलं असतं. चिडवलं म्हणून त्याचा विश्वास बसला. हार्लनला नव्हतं गं आवडत. दरवर्षी ह्या जेवणाहून घरी आला की गप्प व्हायचा." तिने पुन्हा हात पाण्यात घातले. "दुसऱ्या कुणाकडे ती शिंगं दिली असती तर गावभर झालं असतं. पोरं ऐकेनात, म्हणून मी तुझ्या नवऱ्याकडे आणली. म्हटलं, त्याला दिसलं तर दिसू दे. हसेल एकटाच. भावाचं भाऊ झाकेल."

मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं. तेही मी केलं नाही. मी वाहता नळ बंद केला.

"त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "हार्लन खोटारडा ठरला, ठरू दे. त्याला आता काय फरक पडतो?"

मी मान हलवली, आणि घरी पोहोचायच्या आत शब्द मोडला.

परतताना ट्रकमध्ये डेल्बर्ट आधी बडबडत होता. "बघितलंस? कबूल केलं की नाही तिने? माझ्यावर कुणी बोट ठेवेल का? मी एक शब्द तरी खोटा बोललो?" मग जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, "कुणी काही बोललं का नाही गं?"

मला कोडी दिसत होता, जाकिटांमागे टोपी टांगणारा. माझ्या नवऱ्याची झोप शाबूत राहावी म्हणून त्याच्या आजोबाला आणखी किती वर्षं खोटारडा ठेवायचं? मी सांगितलं. दलदल, जबडा, भुसकट झालेलं गवत, सगळं. मी हळुवारपणे सांगितलं असेल असं समजू नका. मला राग आला होता, त्याचाही आणि माझाही, आणि तो सगळा त्याच्या एकट्याच्या अंगावर गेला.

त्याने ट्रक कडेला घेतला. "जबडा?" तो म्हणाला.

"जबडा."

तो खाली उतरला आणि पुढच्या दिव्यांच्या उजेडात बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. मागच्या सीटवर बंदूक होती, काडतुसं होती. मला पिठाचा डबा आठवला. मी उतरून त्याच्या शेजारी उभी राहिले, त्याची बाही घट्ट धरून. त्याने ती सोडवून घेतली नाही.

"मी हार्लनच्या अंत्यविधीला म्हणालो होतो," डेल्बर्ट म्हणाला, "की आता तरी तोंड बंद झालं. मोठ्याने नाही. पण म्हणालो होतो."

मनात मीही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी हंगाम उघडला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा डेल्बर्ट पहाटे उठून गेला नाही. सकाळभर स्वयंपाकघरात बसला. दुपारी सगळे मचाणांवरून उतरून खोपटात सूप प्यायला येतात, तेव्हा आम्ही गेलो. लव्हॉन पातेल्यापाशी होती. माझा चेहरा बघूनच तिला कळलं, आणि तिने डोळे मिटले.

डेल्बर्टने टोपी काढली. बसला नाही. बोलायची त्याला सवय नाही, तो एकेक शब्द ओझ्यासारखा खाली ठेवत होता.

"कोडी, पोरांनो, ऐका. तुमच्या आजोबांनी तो नर मारला नाही. मी मारला. जबड्यात गोळी घालून सोडून दिला. तो उपाशी मेला. हार्लनला सापडला आणि त्याने पुरून टाकला, मला कळू नये म्हणून. मला कळलं असतं तर मी आज इथे नसतो. त्याने ती शिंगं विकत आणली, चोरटी शिकार केली म्हणून स्वतःवर घेतलं, आणि माझ्या शिव्या खाल्ल्या. मी बुडखे बघितले आणि तुमच्यासमोर मांडले. मुद्दाम मांडले. चुकून नाही." तो थांबला. "मला माझीच लाज वाटते. एवढंच."

रे कोवाल्केने चमचा खाली ठेवला. कोडी उठला, खुंट्यांवरच्या जाकिटांमागे हात घालून आजोबांची टोपी काढली आणि आपल्या डोक्यावर घातली. डेल्बर्टकडे त्याने पाहिलं नाही. क्षमा वगैरे झाली असं मला सांगता येणार नाही.

डेल्बर्ट लव्हॉनकडे वळला. "तू होतीस ना तिथे? तू बघितलंस. मला एकच सांग. लगेच गेला का गं तो?"

त्या खोपटात बसलेल्या एकूण एकाने आयुष्यभर हरणं मारली आहेत, सोलली आहेत. जबडा फुटलेलं जनावर कसं मरतं आणि त्याला किती वेळ लागतो, हे तिथे शिकवायची कुणाला गरज नव्हती. डेल्बर्टला तर नव्हतीच. त्यानेच आत्ता म्हटलं होतं, उपाशी मेला म्हणून.

लव्हॉनने पातेल्यात डाव ठेवला.

"लगेच," ती म्हणाली. "त्याच दिवशी. जवळच पडला होता, आपण उगाच लांब शोधत बसलो. हार्लन म्हणाला, त्याला काही कळलंसुद्धा नसेल."

कुणी मान वर केली नाही. मी माझ्या वाडग्यात बघत होते.

"थँक्यू, लव्हॉन," डेल्बर्ट म्हणाला. आपल्याला काय दिलं जातंय, हे या खेपेला त्याला ठाऊक होतं.